चौथा स्पीकर

शिवरामभाऊ लाइनमन कुणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. यजमान ‘या, बसा’ म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करायचा, आणि ह्यांची नजर मीटरपासून बटणापर्यंत आणि बटणापासून दिव्यापर्यंत फिरत असायची. कुठे वायर लोंबताना दिसली, की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की यजमानाला वाटावं, आपलं धोतर सुटलंय.

“वायर ही दावायची चीज न्हाई, गुरुजी,” ते मला म्हणायचे. “झाकली तर वायर, न्हाईतर दोरी.”

आता गंमत बघा, हे गृहस्थ नोकरीला टेलिफोन खात्यात. दिवसभर खांबावर चढायचं आणि साऱ्या तालुक्याला दिसेल अशी तार ओढायची. एकदा मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, “ती सरकारची तार. तिला कुटली लाज?”

मी तेव्हा देवळाली प्रवराजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होतो आणि शिवरामभाऊंच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो. त्यामुळे मला त्यांच्याबरोबर कुठेही जावं लागे. पुतण्यासाठी मुलगी बघायला वांबोरीला गेलो, तेव्हाही मी होतोच. मुलगी चांगली, माणसं मोकळी, पोहे तर फर्मास. बाहेर पडल्यावर मात्र शिवरामभाऊ मान हलवत चालायला लागले.

“काय झालं?” मी विचारलं.

“पोरगी लाखात येक हाय. पन त्या घरात वायर खुंटीला गुंडाळलीय. आज वायर खुंटीला, उद्या आमचा पोरगा.”

पुतण्याने चुलत्याचं ऐकलं नाही, म्हणून लग्न झालं. पण हळदीच्या दिवशी शिवरामभाऊ खिळे-हातोडी घेऊन व्याह्यांच्या घरी गेले आणि ती वायर वाशाआड घालूनच परतले. व्याही बिचारे हात जोडून उभे होते.

ह्या माणसाने एकदा नगरच्या कॅम्पात कुणा साहेबाच्या बंगल्यावर फोन दुरुस्त करायला जावं, आणि त्या साहेबाने नेमकी त्याच वेळी रेकॉर्ड लावावी, ह्याला योगच म्हणायचं. संध्याकाळी एस्टीतून उतरले ते थेट माझ्या खोलीत.

“गुरुजी, चार कोपऱ्यात चार खोकी! मधी हुबं ऱ्हायलं की चारी बाजूंनी बाजा. आन् वायर? कुटंबी न्हाई! मी कोच सरकवून बघितला. साहेब म्हनला, फोन तिकडं हाय.”

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात चार स्पीकर शिरले. घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होताच. नगरला खेपा घालून त्यांनी एकेक स्पीकर आणला, लाकडी खोकी केली. बाहेरच्या खोलीत पहिली वायर आढ्याच्या वाशावरून गेली. दुसरी चौकटीमागून. तिसरीला लपायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी भिंतीवर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तसबिरी लावल्या, एकीला एक चिकटवून. देव झाले, लग्नाचे फोटो झाले, खताचं कॅलेंडर झालं, तरी दीड हात वायर उघडीच. मग माझ्याकडून महाराष्ट्राचा नकाशा नेला. शेवटच्या वीतभर जागेत बाजारातून आणलेली एक जुनी तसबीर आली. तिच्यात कुणी अनोळखी जोडपं खुर्चीवर बसलेलं होतं.

पाहुणे विचारायचे, “हे कोन वो?”

“आसतील कोनतरी. बसलेत बिचारे वायर झाकून.”

चौथ्या स्पीकरचं विचारलं, की मात्र ते तुटक बोलत. “खराब निगाला.” एवढंच. मीही जास्त खोदलं नाही.

घरात माणसं तीन. शिवरामभाऊ, त्यांच्या पत्नी पार्वतीवैनी आणि वडील तात्या. तात्यांचे गुडघे गेले होते. दिवसभर ते बाहेरच्या खोलीत रेडिओखालच्या बाजेवर पडलेले असत. शिस्तीचा माणूस. रेडिओ घरात आला त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, “बायामानसानं ह्याच्याम्होरं बसायचं न्हाई. काय तमाशाचा फड हाय?” झालं! तात्या बाजेवर आणि बाज रेडिओखाली, तेव्हा वैनी बाहेरच्या खोलीत यायच्या त्या केर काढायला नाहीतर सारवायला. शिवरामभाऊंचं बायकोशी बोलणंही वडिलांसमोर दोन शब्दांचं. “च्या टाक.” कधी तीन. “गुरुजींनाबी च्या टाक.” मला वाटायचं, ह्या माणसाचा सगळा जीव वायरीत, बायको म्हणजे चहाची किटली. खरं सांगतो, मला रागच यायचा त्यांचा.

एक दिवस ते शाळेच्या मधल्या सुट्टीत आले. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. मला पिंपळामागे नेलं.

“गुरुजी, तात्यांला अर्धा तास घराभाईर काढा. पाया पडतो.”

“का?”

पायाच्या अंगठ्याने माती उकरत त्यांनी सगळं सांगितलं. चौथा स्पीकर खराब नव्हता. तात्या रेडिओ मोठ्याने लावू देत नसत, आत काही ऐकू येत नसे; म्हणून तो स्वयंपाकघरात होता, मांडणीवरच्या ज्वारीच्या डब्यात. त्या साली दुष्काळ, डबा रिकामाच असायचा. तात्या गुडघ्यांसाठी चार दिवस दवाखान्यात होते, तेवढ्यात त्याची वायर रेडिओपासून भिंतीतून खाली, बाहेरच्या खोलीच्या जमिनीत चर खणून तात्यांच्या बाजेखालून गेली होती. वरून वैनींनी शेणाने सारवलं होतं. दर आठवड्याला त्या सारवायच्या, वायर आपली आत.

“तिला गान्याचा लई नाद, गुरुजी. माहेरी भजनात म्हनायची. हितं आली आन् तोंड मिटलं. बापाच्या शब्दाम्होरं मी काय बोलनार? म्हनून घातली वायर.”

“मग बिघडलं काय?”

“मीच बिघडवलं. तात्यांची पाठ दुकती म्हनून लोखंडी खाट आनली. तिचा पाय जमिनीत घुसला, वायर तुटली. आठ दिस झाले, ती तोंडानं काय म्हनत न्हाई, पन मला भाकर गोड लागंना.”

वर्षभर शेजारी राहून मी काय ओळखलं होतं त्यांना? डोंबल!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे मी फारच वाईट खोटं बोललो. तात्यांना म्हटलं, “पाराजवळ राहुरीचे कुणी पाहुणे आलेत, तुमची आठवण काढतायत.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाटेजवळ अवघडून उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं. नको म्हणणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी काठी मागितली. माझ्या खांद्याला धरून, थांबत थांबत, कण्हत ते पारापर्यंत आले. पारावर एक कुत्रं होतं, दुसरं कुणी नव्हतं. तात्यांनी पाहुण्यांची चौकशी केली नाही. सावली बघून बसले, गुडघे चोळले, आणि म्हणाले,

“गुरुजी, अर्धा तास पुरंल का त्याला?”

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

“तुम्हाला माहीत आहे?”

“पयल्या दिसापासनं. गानं लागलं की सून त्याच्या तालावर भाकर थापती. मी पडल्या पडल्या ऐकतो. गानं संथ आसलं की भाकर संथ. आठ दिस झाले, नुसतीच थापती.”

“अहो, मग तिला सांगा की, बाहेर येऊन ऐक म्हणून!”

तात्या काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले. “बोलून गेलो त्या वक्ताला. आता ह्या वयात शबूद मागं घ्यायला जीभ वळत न्हाई, गुरुजी. आन् शिवरामला वाटतंय, बापाला पत्ता न्हाई. लई मन लावून केलंय त्यानं. ऱ्हाऊ द्या तसंच.”

अर्धा तास झाला, मी उठलो. तात्या म्हणाले, “बसा की. सारवन वाळाय नगं?”

परत आलो तेव्हा सगळी खोली सारवलेली होती. खणलेली जागा ओळखू येऊ नये म्हणून. तात्या ओट्यावरच टेकले आणि आत बघून ओरडले, “शिवराम, रेडिओ लाव रं. बाजारभाव ऐकतो.”

ती बाजारभावाची वेळ नव्हती. गाणं लागलं. तात्यांनी ते बदलायला सांगितलं नाही. थोड्या वेळाने आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, आणि मला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यातला ताल कळला.

शिवरामभाऊ बाहेर आले. नखांत माती, चेहरा फुललेला. मला बाजूला घेऊन कानाशी पुटपुटले, “म्हाताऱ्याला काय संशय?”

ओट्यावर तात्या डोळे मिटून बसले होते.

“छे हो,” मी म्हटलं, “त्यांना कुठलं कळतंय!”

आणि ह्या वेळी मला खोटं फार चांगलं बोलता आलं.