सालाखालची चांदणी

रशीदचाचांना रुपया दिला, की ते आधी डोळ्याला भिंग लावत. सेनगावच्या स्टँडसमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे एक टेबल, एक काचेची पेटी आणि चाचा. घड्याळ ते नुसत्या नजरेनं उघडायचे. भिंग रुपयासाठी राखून ठेवलेलं.

"सालाच्या खाली बघा मास्तर," ते मला म्हणायचे. "बारीक खूण असती. चौकट असली तर ममई. गोल टिंब, नोयडा. काहीच न्हाई तर कलकत्ता."

आणि चांदणी असली तर हैदराबाद. हे मात्र ते तोंडानं म्हणत नसत. चांदणीचा रुपया शर्टाला पुसून टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात जायचा, बाकीचे गल्ल्यात.

गावानं हवा तो अर्थ काढला. चांदणीच्या रुपयाला पुढं लाखाचा भाव येणार आणि चाचांना ते आधीच कळलंय! बायांनी डाळीचे डबे उपडे केले. भाजीवाल्यांनी सुटे देणं बंद केलं. आमच्याही घरात तेवीस निघाले. मी शाळेत मुलांना हव्यास धरू नका म्हणून शिकवणारा माणूस, पण मनातल्या मनात मोटारसायकल घेऊनही टाकली होती.

सकाळीच चाचांपुढं रुपये ओतले. त्यांनी एकेक तपासला. किती घासलाय, कडेला कुठं ठोकर लागलीय, सगळं बघितलं.

"काय येतील?" मी विचारलं.

"तेवीस रुपये."

"एकाचे?"

"सगळ्याचे मिळून. असले रुपये टांकसाळीतून पोत्यानं निघतात. त्यात हे लई वापरलेले. बाजारात रुपयाचा रुपयाच."

"मग तुमी काहून जमवून राहिले?"

"हौस," म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

म्हातारा बेरकी आहे, अशी माझी खात्रीच पटली. महिनाभर मी घुश्शातच होतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी हैदराबादला जाणं झालं. तोवर राग निवळला होता. परतताना चाचांना भेट म्हणून तिथल्या दुकानांतून बारा सुटे रुपये गोळा करून आणले. हैदराबादचे म्हटल्यावर चाचांनी हातातलं घड्याळ बाजूला सारलं. भिंग लावून ते एकेक उचलू लागले.

"ममई... नोयडा... ममई..."

बारा रुपयांत चांदण्या तीनच निघाल्या.

"तिकडं बी ममईचेच चालून राहिले?" त्यांचा आवाज पार उतरला.

मी हसलो. "चाचा, खुणेवरून नाणं पाडलं कुठं ते कळतं. कोणाच्या हातातून आलं ते कसं कळणार?"

चाचांनी भिंग काढून ठेवलं.

"माझी लेक हाय तिकडं. नसरीन. मनानं लग्न केलं म्हणून मी बोलणं तोडलं. एकदा शेजारच्या दुकानात तिचा फोन आला, रुपया टाकायच्या डब्यावरून. म्हणली, 'अब्बा, एकच रुपया है मेरे पास.' मी रागात. फोन कानाला धरला अन् गप ऱ्हायलो. ती एकटीच बोलत ऱ्हायली. मंग कट झाला."

"परत लावला नाही तुम्ही?"

"शेजारच्या फोनवर नंबर दिसला व्हता, दुसऱ्या दिवशी लावला की. तिथला माणूस म्हणला, हितं रोज शंभर लोकं येतात, कोण नसरीन? त्यानंतर तिचा फोन न्हाई." त्यांनी एक चांदणी अंगठ्यानं पुसली. "तिचा रुपया वाया घालवला मी, मास्तर. म्हटलं चांदणीचाच असंल. फिरत फिरत येईल इकडं."

मला माझ्या मोटारसायकलची लाज वाटली.

त्यानंतर चाचांचं भिंग घड्याळाला लागू लागलं. गल्ला मात्र कायम रिकामा. सुटे मागितले की चाचा हात जोडायचे आणि गिऱ्हाईक चिडून जायचं. एकदा मी घड्याळाची चावी बसवून घेतली आणि वरचा सुटा रुपया पुढं केला. त्यांनी तो मुठीत घट्ट धरला, शेजारच्या दुकानातल्या फोनकडं पाहिलं आणि खूण न बघताच डब्यात टाकला.