सकाळी उघडणे

व्हरांड्यातली जुनी स्कूटर सोमवारी संध्याकाळी बरोबर नव्वद सेकंद चालली आणि बंद पडली. नव्वद हा आकडा अंदाजपंचे नाही. बाबांच्या हातात स्टॉपवॉच होतं.

आदल्या दिवशी हीच स्कूटर पंधरा मिनिटं धडधडली होती, तेव्हा बाबांनी स्टॉपवॉच टाकून टाळ्या वाजवल्या होत्या. बाबा शाळेत विज्ञान शिकवत. अठरा वर्षं त्यांनी फळ्यावर रंगीत खडूने इंजिन काढलं होतं; खरं इंजिन मात्र कधी उघडलं नव्हतं. स्कूटर त्यांच्या आईची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि बावीस वर्षं याच स्कूटरवरून ड्यूटीला गेली होती. आता ती घरातली आजी.

"मुलांनी हाताने शिकलं पाहिजे," असं ठरवून बाबांनी तेरा वर्षांच्या लेकीला हाताशी घेतलं. सापडेल तो नटबोल्ट खिशात साठवायची तिला सवय, म्हणून तिचं नाव खारू. कामाचे नियम दोनच होते. एक, जो गाडीला हात लावेल त्याने खिळ्याला टांगलेल्या वहीत लिहायचं. दोन, उत्तर कोणी सांगायचं नाही, खारूने शोधायचं. दुसरा नियम खास आजीसाठी होता. पहिल्याच तासाला ती म्हणाली होती, "अरे, पाना उलटा धरलायस."

सहा आठवड्यांत खारूने एकटीने कार्बोरेटर उघडला, धुतला आणि पुन्हा जोडला. आपण जोडलेली वस्तू चालते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते त्या रविवारी. त्या आनंदात वहीकडे कोणी फिरकलं नाही. आणि सोमवारी नव्वद सेकंद. मंगळवारी तर एकही नाही.

"बास झालं," आई म्हणाली. "रविवारी अकराला भंगारवाल्याला बोलावलंय. गाडी चालू असली तर राहील. नाही तर तिथे माझं कपाट येईल."

"आई गं, टाकीत पेट्रोल आहे, प्लगची ठिणगी निळी आहे, मी बघितलंय!" खारू म्हणाली.

"ठिणगीवर कपडे ठेवता येत नाहीत."

मंगळवारी शाळेतून येताना बाबा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे थांबले. त्याने मान वर न करता सांगितलं, "कार्बोरेटरचा स्क्रू. अर्धा आटा उजवीकडे." बाबांनी गुपचूप फिरवला. वहीत लिहिलं नाही, कारण उत्तर बाहेरून आणलं असं शिक्षकाने लिहायचं कसं?

बुधवारी खारू जेवता जेवता नुसती भात चिवडत बसली. ते आईला बघवेना. गुरुवारी तीही मेकॅनिककडे गेली. मेकॅनिक तोच, दिवस वेगळा. "एक आटा डावीकडे," तो म्हणाला. आईने फिरवला. तिनेही लिहिलं नाही. भंगारवाल्याला फोन तिनेच केला होता, तेव्हा कोणत्या तोंडाने लिहिणार?

शुक्रवारी खारूला स्क्रू सैल वाटला. तिने तो अर्धा आटा उजवीकडे पिळला. लिहिलं असतं तर बाबांनी "कशावरून?" असं विचारलं असतं, आणि नुसतं 'वाटलं' हे उत्तर त्यांना चालत नसे.

तेव्हापासून तिघंही वहीकडे न बघता, जरा तिरकं होऊन व्हरांड्यातून ये-जा करू लागले.

रविवारी साडेदहाला किका सुरू झाल्या. खारूच्या वीस, बाबांच्या पंधरा. गाडी ढिम्म. खारूने किकवरचा पाय काढला आणि खाली मान घालून म्हणाली, "माझ्यामुळेच झालंय. मी स्क्रू फिरवला. अर्धा, उजवीकडे."

बाबांनी चष्मा पुसला. "मीपण. अर्धा. उजवीकडेच."

"बाबा! तुम्ही?"

"त्या मेकॅनिकने सांगितलं म्हणून..."

"तुम्हालाही त्यानेच?" आईच्या तोंडून निघून गेलं. दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती कपाटाच्या जागेकडे बघत म्हणाली, "एक आटा. डावीकडे."

बाबांनी हवेतच गणित मांडलं. "अर्धा अधिक अर्धा वजा एक. शून्य. म्हणजे स्क्रू होता तिथेच आहे. तिघांनी कष्ट करून काहीही केलेलं नाही."

"मग बिघडलंय काय?" खारू रडवेली झाली. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

खुर्चीतून आजी म्हणाली, "बोलू का?"

"आई, नियम दोन..." बाबा म्हणाले.

"मी नियम एकबद्दल विचारतेय. वही कोणी वाचलीय का?"

खारूने वही खिळ्यावरून काढली. बाबांच्या तिरप्या अक्षराखाली एक्स्चेंजमधलं सरळ, टपोरं अक्षर होतं. ती मोठ्याने वाचू लागली.

"रविवार, सायं. ६.१०. पेट्रोलचा कॉक बंद केला. सकाळी उघडणे.

सोमवार, सायं. ६.१०. कॉक बंदच आहे. उघडलेला दिसत नाही. उघडणे.

मंगळवार, सायं. ६.१०. कॉक बंद. वही वाचणे.

बुधवार, सायं. ६.१०. वही वाचणे, ही विनंती.

गुरुवार, सायं. ६.१०. सूनबाई गाडीपाशी दिसल्या. नोंद नाही."

"सासूबाई!" आई म्हणाली.

"रात्रभर कॉक उघडा राहिला की पेट्रोल झिरपतं," आजी शांतपणे म्हणाली. "बावीस वर्षं मी तो संध्याकाळी बंद करत आलेय. सोमवारी कार्बोरेटरमध्ये उरलं होतं तेवढ्यावर चालली तुमची गाडी."

"नव्वद सेकंद," बाबा पुटपुटले. "पण आई, तोंडाने सांगायचंस की!"

"सांगायचं नाही असं तूच म्हणालास. लिहायचं नाही असं नव्हतास म्हणाला."

खारूने सीटखाली हात घालून कॉक उघडला आणि लगेच किकवर पाय ठेवला.

"थांब. दहा मोज," आजी म्हणाली. "पेट्रोल खाली उतरू दे. आता मी नियम मोडणार आहे, ज्याला लिहायचं त्याने लिहा."

खारूने दहा मोजले. पहिल्या किकला गाडी खोकली. दुसऱ्या किकला व्हरांडा निळ्या धुराने भरला आणि खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. बाबा स्टॉपवॉच सुरू करायला विसरले.

तेवढ्यात फाटक वाजलं. भंगारवाला वेळेआधी पाच मिनिटं आला होता. धुरातून त्याने विचारलं, "काय न्यायचंय, बाई?"

"काही नाही," आई ओरडली. "कपाट ठेवायला दुसरी जागा दिसतेय का तेवढं बघा."

खारूने काळ्या बोटांनी वहीत लिहिलं: "१०.५२. गाडी सुरू. बिघाड: वही कोणी वाचली नाही. दुरुस्ती: वाचली."

आजीने नोंद नीट वाचली, पेन घेतलं आणि खाली एक ओळ घातली: "सायं. ६.१०. कॉक बंद करणे. आजपासून खारू."