पाळीवरचं पहाटेचं नाटक

बाळांनो, थोडा वेळ असं समजा की तुम्ही राजहंस आहात. हवं तर डोळे मिटा. हिमालय ओलांडून, पंख दुखेपर्यंत उडून तुम्ही वडशाजवळच्या एका तलावात उतरला आहात. पौषातली थंडी आहे. पाण्यावर धुकं आहे. मान पंखात खुपसून तुम्ही गाढ झोपला आहात. पहाटे जाग येते आणि बघता तर काय, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक भलामोठा पांढरा पडदा, आणि त्याच्या फटीतून दोन डोळे तुमच्यावर रोखलेले!

त्यातला एक डोळा माझा होता. दुसरा आयतचा.

पक्ष्यांचा फोटो काढण्यात अवघड असं काही नसतं, हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. आडोसा हवा आणि धीर हवा. धीर माझ्याकडे पोत्यानं होता. जन्मभर चौथीला भागाकार शिकवलेला माणूस मी! राहिला आडोसा. तो आयतच्या घरी होता.

आयत ही अल्ताफभाईंची मुलगी. अल्ताफभाई वडशात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब नावाचे हंस हिमालयावरून आपल्या तलावात येतात, हे मीच एकदा आयतला सांगितलं होतं. तिनं ते मोठ्या ऐटीत वर्गात सांगितलं. तेव्हा आदेश नावाच्या मुलानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "तुनं पायलं काय?"

तिनं पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून वर्ग तिला थापाडी म्हणू लागला. हंसाचा फोटो हातात आल्याशिवाय शाळेची पायरी चढणार नाही, असं तिनं घरी जाहीर केलं आणि दप्तर खुंटीला टांगलं. अल्ताफभाई माझ्याकडे आले. हंस माझे, तेव्हा फोटोही माझाच, असं ठरलं. माझ्या कॅमेऱ्यातला रोल पुतणीच्या लग्नात संपत आला होता, एकच फोटो उरला होता. मी म्हटलं, एक पुरे.

आडोशाला अल्ताफभाईंनी जंगलाचा पडदा दिला. हिरवीगार झाडं, मधोमध धबधबा आणि कोपऱ्यात लाल डोळ्यांचा वाघ. हंसांना खरंच जंगल वाटेल, अशी माझी योजना. अंधारातच आम्ही पाळीवरच्या मोहाच्या दोन झाडांना दोरी बांधली, पडदा ताणला आणि त्यामागे मांडी घालून बसलो.

थोडं फटफटल्यावर आयत हळूच म्हणाली, "गुरुजी, वाघ तं आपल्याकडंच पाहून राह्यला."

पडदा उलटा लागला होता. मी तिला समजावलं की कोरी बाजू हंसांना धुक्यासारखी दिसेल, म्हणजे हे आणखीच बरं. मास्तरकी केली की अशी उत्तरं आपोआप सुचतात. मग आम्ही शिवणीजवळच्या फटीला डोळे लावले.

आता आमची झाडीपट्टी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. हिवाळ्यात इथे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. शेजारच्या गावचं नाटक नेमकं त्याच पहाटे संपलं होतं. माणसं चादरी पांघरून, बैलबंड्यांत पेंगत, पाळीवरच्या वाटेनं घरी निघाली होती. त्यांना दिसला मोहाला ताणलेला रंगीत पडदा आणि त्यापुढे पहिल्या रांगेत बसलेले गुरुजी! आमच्याकडे पडदा दिसला की माणूस आधी जागा धरतो आणि मग नाटकाचं नाव विचारतो. बंड्या थांबल्या. सतरंज्या पसरल्या.

मला पाठीमागे खसफस ऐकू आली, पण गुरं असतील असं मला वाटलं. मग कुणीतरी खांद्याला हात लावला. आदेशची आजी, वच्छलाबाई, कुजबुजत विचारत होत्या, "गुरुजी, कवा सुरू होते?"

मी मागे न बघताच ओठांवर बोट ठेवलं. झालं! आता सुरू होणार, असा निरोप शेवटच्या बंडीपर्यंत पोचला आणि पाळ चिडीचूप झाली. या शांततेचंच मला नवल वाटलं. मी वळून पाहिलं, तर अख्खं गाव बसलेलं. आजीच्या चादरीतून आदेशचं डोकं बाहेर आलेलं. हंस बिचकतील म्हणून मला ओरडताही येईना. मागे जा, मागे जा, असे मी दोन्ही हात हलवले. लोकांना वाटलं, गुरुजी दाटीनं बसायला सांगताहेत. ते सगळे पुढे सरकले.

गर्दीत लटारूभाऊ होते. गावच्या नाट्यमंडळात पडदा ओढायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. इतका वेळ पडदा हलत नाही म्हटल्यावर त्यांना राहवेना. "दोरी अटकली वाटते, गुरुजी," असं मायेनं म्हणत ते उठले आणि त्यांनी मोहावरची गाठ ओढली.

अख्खा पडदा, वाघासकट, खाली आला. पडदा पडून सुरू झालेलं नाटक मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं.

समोर तलाव होता. सूर्य नुकताच पाण्याला टेकून वर येत होता आणि धुकं पेटल्यासारखं केशरी झालं होतं. त्या धुक्यात पांढरी डोकी एकामागून एक वर झाली. क्षणभर ते आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो. मग ओल्या धोतरांचा ढीग एकदम झटकावा तसा आवाज झाला आणि सगळा थवा पाण्यावरून उठला. तो थेट आमच्या डोक्यांवरून गेला, इतका खालून की पंखांचा वारा गालाला लागला. पाण्याचे थेंब चादरींवर पडले. माथ्यावरचे काळे पट्टे लहान पोरांनाही दिसले. रात्रभर शिट्ट्या मारून आलेल्या त्या माणसांतून एक शिट्टी निघाली नाही. लटारूभाऊंच्या हातात दोरी तशीच राहिली. वच्छलाबाईंनी हात जोडले.

आणि मी? माझं बोट बटणावर होतं. ते दाबायचं असतं, एवढंच मी विसरलो होतो.

आयतनं माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. मला हायसं वाटलं, कुणीतरी भानावर आहे म्हणून. थवा अजून डोक्यावर घिरट्या घालत होता. पण ती हंसांकडे पाठ करून उभी राहिली.

"अगं, हंस तिकडं आहेत," मी कळवळून म्हणालो.

"मले मालूम हाय, गुरुजी," ती म्हणाली. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, नीट नेम धरला, आणि आभाळाकडे आ वासून बसलेल्या आदेशचा फोटो काढला.