कांताबाईंची माणसं सोमाजींच्या खात्यावर

सकाळचा चहा उकळेपर्यंत सोमाजी अलोण्यांच्या मागे पाच हजार तीनशे अकरा माणसं लागली होती.

त्यांनी चष्मा पुसला, फोन पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. तो तसाच होता.

"कांता," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "काल मी काई केलं का वो?"

"तुमी कधी काय करता?"

"मंग हे पाच हजार लोक मले काऊन फॉलो करून राह्यले?"

पातेल्यात साखर टाकणारा कांताबाईंचा हात तसाच थांबला.

सोमाजींनी एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टरकी केली होती. निवृत्तीनंतर रोज सकाळी मूल गावच्या स्टँडवर चक्कर मारायची आणि आपल्या खात्यावर लिहायचं, 'गडचिरोली गाडी सव्वासातला लागली. गर्दी मध्यम.' एवढंच त्यांचं लिखाण. ते सात जण वाचत, त्यात तीन ड्रायव्हर होते. नाव होतं ते कांताबाईंचं. अंगणवाडीच्या नोकरीत गावोगावच्या बायांच्या मागे फिरून त्यांनी रानातली भाजी न् भाजी ओळखायला शिकून घेतली होती. आता त्या रोज एका भाजीचा फोटो टाकत, तिचं झाडीबोलीतलं नाव सांगत, ती कशी खायची आणि कधी खायची नाही तेही सांगत. वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक त्यांना 'ताई, हे कोणतं पान?' असं विचारत.

हे सगळं ज्या जाळ्यावर चाले, त्याचा मालक कुणी एक नव्हता. कुणी नागपुरात, कुणी बंगळुरात, कुणी थेट जर्मनीत आपापला लहानसा सर्व्हर चालवी आणि ते सगळे एकमेकांशी जोडलेले असत. एका सर्व्हरवर नाही पटलं तर दुसऱ्यावर बिऱ्हाड हलवता येई, आणि हलताना आपली माणसं सोबत येत. कांताबाईंना याचं फार कौतुक. "लग्न झाल्यावर माहेरचं कोणी संग येत नाई," त्या म्हणत. "इथी तर अख्खं गाव संग येते."

त्यांचा सर्व्हर चालवणाऱ्या नागपूरच्या गृहस्थांनी, 'आता मला झेपत नाही, तीन महिन्यांत सर्वांनी सोय बघावी,' असं अगदी हात जोडून कळवलं होतं. म्हणून आदल्या दुपारी ऑनलाईन केंद्रवाल्या संघपालने घरी येऊन कांताबाईंचं बिऱ्हाड सोमाजींच्या सर्व्हरवर हलवलं होतं. निदान तसं सगळ्यांना वाटत होतं.

निरोप जाताच संघपाल धावत आला. दारातच "जय भीम, बाई," म्हणाला, फोन पाहिला आणि खाली बसला.

"बाई, तुमच्या दोघायच्या खात्यावर फोटो एकच हाय."

"लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाचा हाय. मंग?"

"अन् नाव बी, एकाचं के अलोणे, एकाचं एस अलोणे. टॅबवर भाऊचं खातं उघडं होतं. मी त्यालेच तुमचं नवीन खातं समजून 'जुनं खातं बी माहंच होय' म्हणून लिहून देल्लं. तुमची सारी मानसं भाऊकडं उतरली."

"उतरली त उतरली. आता इकडं आण."

"तीस दिवस आणता येत नाई."

"काऊन?"

"एकदा हलवली का महिनाभर हलवता येत नाई. नाईतर लोकं रोजच हलवतीन."

नियम शहाणपणाचा होता. कांताबाईंना त्याचाच जास्त राग आला.

मग निदान लोकांना खरं काय ते कळवावं, असं ठरलं. मजकूर सोमाजींनी स्वतः लिहिला. 'सूचना. माझ्या खात्यावर सौ.ची ५३११ माणसं सापडली आहेत. संबंधितांनी ओळख पटवून सौ.च्या खात्यावर जावे.' दुपारपर्यंत हजारभर लोक त्यावर हसले. चौतीस जण कांताबाईंकडे गेले आणि सोमाजींकडे तीनशे नवे आले.

"माही मानसं तुमच्या जोकवर हसून राह्यली," कांताबाई म्हणाल्या.

"मी जोक नाई केला वो," सोमाजी कळवळून म्हणाले. "मी तं नोटीस लावली."

त्यात कांताबाईंना तीन दिवस बाहेर जायचं होतं. एटापल्लीच्या पुढच्या जंगलात सुकरी नावाची त्यांची जुनी मैत्रीण राहत असे. तिच्या गावाजवळच्या वारुळांवर सात्या निघाल्या होत्या. पावसाळ्यात उगवणारी ही रानअळिंबी कुणासाठी थांबत नाही. सुकरीच्या गावात फोनला रेंज नव्हती.

"लोकं फोटो टाकतीन, ईचारतीन," पिशवी भरता भरता कांताबाईंनी बजावलं. "ठाऊक नसन तं आगाऊपणा करू नोका."

"मंग काय सांगू?"

"खाऊ नका म्हना. न खाल्ल्यानं कोणी मेलं नाई आजवर."

सोमाजींनी मान डोलावली. वरिष्ठांचा आदेश जसाच्या तसा पाळण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. कांताबाईंची गाडी सुटली आणि ते कामाला लागले.

पहिला फोटो साताऱ्याहून आला. कुठलंसं कातर पान होतं. सोमाजींनी लिहिलं, 'खाऊ नका.' मग गोव्याहून एक शेंग आली. खाऊ नका. पुण्याच्या एका बाईंनी गच्चीवर लावलेला पालक दाखवला. पालक आहे असं त्यांनी लिहिलंही होतं, पण सोमाजींना स्वतःला खात्री नव्हती. खाऊ नका. एका आजोबांनी नातवाच्या वाढदिवसाचा केक दाखवला. खाऊ नका. त्यावर आजोबांच्या सुनेने, 'काका, थँक्यू, यांना शुगर आहे,' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीहून विक्की हॉटेलवाल्याचा फोन आला.

"सोमाजीभाऊ, माह्या समोश्यानं तुमचं काय घोडं मारलं?"

"कोणता समोसा?"

"मी फोटो टाकला, 'गरम गरम समोसे' म्हणून. तुमी खाली लिवलं खाऊ नका! पाच हजार लोकायच्या समोर!"

"अवो, आमच्या घरून तसा आदेश हाय," सोमाजी म्हणाले. विक्कीला ते पटलं नाही. पण तो धंदेवाला माणूस होता. संध्याकाळपर्यंत त्याने दुकानावर पाटी लावली, 'सोमाजीभाऊंनी नाही म्हटलेले समोसे', आणि समोसे रोजच्यापेक्षा दोन तास आधी संपले.

तोवर सोमाजींचं 'खाऊ नका' सगळीकडे पसरलं होतं. लोक मुद्दाम चपलांचे, पंख्यांचे, बायकोने केलेल्या पोळ्यांचे फोटो पाठवत, आणि सोमाजी एकेकाला इमानाने उत्तर देत.

तिसऱ्या दिवशी दुपारी साकोलीहून स्वाती नावाच्या एका मुलीचा फोटो आला. परातीत चिरलेली पांढरीशुभ्र अळिंबी होती. खाली लिहिलं होतं, 'सासूबाईंनी रानातून सात्या आणल्या. धुवाच्या कशा? घरी सहा जण जेवाले हायत.'

सोमाजींनी लिहिलं, 'खाऊ नका.'

स्वातीने हसण्याची चित्रं पाठवली. मागोमाग दहा-बारा जणांनी लिहिलं, 'ताई, मनावर घेऊ नका. हे काका पंख्यालाही खाऊ नका म्हणतात.'

सोमाजी पुढच्या फोटोकडे वळले, पण बोट पुढे सरकेना. त्यांना भाज्यांतलं काही कळत नव्हतं. पण पस्तीस श्रावण घरातल्या सात्या धुण्याचं काम त्यांच्याकडे होतं. सातीचा दांडा खाली निमुळता होत लांब मुळासारखा जातो, आणि त्या मुळातली माती काढता काढता नखं दुखतात. या परातीत तसं एकही मूळ दिसत नव्हतं.

त्यांनी कांताबाईंना फोन लावला. तो लागणार नव्हताच. मग त्यांनी लिहिलं, 'मुळं कुठी?'

'बुडं कापून फेकली. कढई तापून राह्यली, काका.'

सोमाजी खुर्चीतून उठले. आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच दोन शब्दांहून जास्त लिहिलं.

'बाई, मी एस.टी.त एकतीस वर्षं घंटी वाजवली. मला अळिंबीतलं काही समजत नाही. समजते ती माझी मिसेस, आणि ती रानात आहे. पण गाडीच्या फाटकात माणूस लटकलेला दिसला तर कंडक्टर कारण सांगत बसत नाही, घंटी मारतो आणि गाडी उभी करतो. मी घंटी मारली आहे. गॅस बंद करा. बुडं शोधा, फोटो टाका. माझं चुकलं तर जेवणाला अर्धा तास उशीर होईल. मी हात जोडतो.'

सोमाजी खोलीत दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत राहिले.

मग फोटो आला. केरातून काढलेली, राखेत माखलेली सहा बुडं होती. मूळ एकालाही नव्हतं. प्रत्येक बुड फाटक्या पांढऱ्या पिशवीत बसवल्यासारखं दिसत होतं.

ते पाहायला सोमाजी एकटे नव्हते. कांताबाईंची माणसं तिथेच होती. अळिंबीवर उभी हयात घालवलेल्या एका प्राध्यापिकेने मिनिटाच्या आत लिहिलं, 'विषारी आहे. एक घासही नको. हात आणि भांडी साबणाने धुवा.' तिच्या खाली आणखी दोघांनी तेच सांगितलं. एका डॉक्टरने, कुणी चव घेतली आहे का, हे विचारून खात्री केली. कुणीच घेतली नव्हती.

शेवटी स्वातीने लिहिलं, 'काका, कढई उतरवली. सासूबाई रडून राह्यल्या.'

सोमाजींनी लिहिलं, 'त्यांना रागावू नका. पिठलं करा.'

दुसऱ्या दिवशी एटापल्लीच्या स्टँडवर कांताबाईंच्या फोनला रेंज आली आणि तो थरथरतच राहिला. पोचवायला आलेल्या सुकरीला त्यांनी सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. सुकरीने फोन हातात घेऊन बुडांचा फोटो नीट पाहिला.

"आमी बी आदी बुडच पायतो," ती म्हणाली. "तुहा नवरा शिकला वो."

"पस्तीस वर्सं धुवाले लावल्या मी त्याईले," कांताबाई म्हणाल्या. "मले वाटे, हे नुसत्या धुतेत."

घरी आल्यावर त्यांनी सोमाजींच्या ताटात सात्या जरा जास्त वाढल्या. धुतल्या मात्र सोमाजींनीच.

महिना सरत आला तशी कांताबाईंना काळजी लागली. सोमाजींकडे आता साडेनऊ हजार माणसं होती. सकाळी ते स्टँडवर गेले की कॉलेजची मुलं त्यांच्यासोबत फोटो काढत. या माणसाला एवढं कौतुक सगळ्या आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि आपण ते एक बटण दाबून काढून घेणार! तिसाव्या दिवशी संघपाल टॅब घेऊन बसला. कोणतं खातं उघडं आहे, हे त्याने तीनदा मोठ्याने वाचलं. तेव्हा कांताबाईंनी मनाशी घोकलेलं बोलून टाकलं.

"अवो, राहू द्या. तुमच्याकडंच राहू द्या. मी नवीन मानसं जमवीन."

सोमाजींनी दचकून वर पाहिलं.

"नोको वो!" ते म्हणाले. "मी एकेक दिवस मोजून राह्यलो. मानसं भाजीचं ईचारतेत, अन् मले रातभर झोप लागत नाई. एखाद्याले चुकून 'खा' म्हटलं तं? संघपाल, दाब बाप्पा!"

संघपालने बटण दाबलं. सोमाजींच्या खात्यावरचा आकडा उतरू लागला आणि कांताबाईंचा चढू लागला. एकेक करत सातारा गेलं, गोवा गेलं, जर्मनी गेली, साकोलीची स्वाती गेली. तिघंही टॅबवर वाकून पाहत राहिले. तासाभरात सोमाजींकडे कुणीही उरलं नाही.

कांताबाईंनी हळूच नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर कौतुक मावत नव्हतं.

"एकतीस वर्सं नोकरी केली," सोमाजी म्हणाले. "पण साडेनऊ हजार मानसं एका गाडीतून दुसरीत बसली अन् एकानं बी धक्का देल्ला नाई, असं म्या आजच पाह्यलं."