सेवा बाकी है

संजीव मोहिते यांनी इंदूर महापालिकेच्या नळजोडणी विभागातल्या सबंध नोकरीत कुणाकडे काहीही मागितलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत. विभागातले इतर लोक सांगत, आणि तेही कीव केल्यासारखं. आता कार्यालय अधीक्षकाची जागा रिकामी होत होती. ज्येष्ठता संजीवरावांची होती. अट एकच, नागरिकांची एकही तक्रार नसावी. तशी ती कधी नव्हतीच.

याच सुमारास त्यांनी छोटी एसयूव्ही घेतली. पाहणीला अर्जदाराच्या गाडीतून जाणं त्यांना प्रशस्त वाटत नसे. यापुढे गाडी त्यांची. अर्जदाराने रस्ता दाखवायला फक्त शेजारी बसायचं. गाडीत सर्व्हिसिंगची बोलकी आठवण लावून द्यायचं काम मुलाकडे, नचिकेतकडे आलं.

“बाबा, किती पहले सांगू दे हिला?”

“जितकं आधी, तितकं बरं. वॉरंटी जायला नको.”

“और भाषा? मराठी नाहीये यात.”

“मग हिंदी ठेव. इंग्रजीत दटावलेलं मला सोसत नाही.”

नचिकेतने सर्व्हिसिंगच्या किलोमीटरच्या आकड्यातलं एक शून्य गाळलं, म्हणजे गाडी सुरू केली की आठवण होणारच, आवाज पूर्ण वाढवला आणि गाडी वडिलांच्या स्वाधीन केली.

पहिल्याच पाहणीला भंवरकुआं भागातले अर्जदार, होस्टेलवाले गंगराडेजी शेजारी बसले. गाडी सुरू होताच आतल्या बाई अत्यंत मृदू स्वरात म्हणाल्या, “सेवा बाकी है. कृपया शीघ्र सेवा कराएँ.”

इंदुरात गाडीची होते ती सर्व्हिसिंग. कचेरीत बाबूंची होते ती सेवा. गंगराडेजींनी सीटबेल्ट नीट केला. मग हळूच म्हणाले, “जी, बिल्कुल. भूले नहीं हैं.”

संध्याकाळी घरी लौंग सेवेचा, म्हणजे लवंग घातलेल्या शेवेचा, डबा आला. संजीवरावांनी तो परत पाठवला. गंगराडेजींना वाटलं, कमी पडलं. दुसऱ्या दिवशी डब्यासोबत मिक्सर आला.

“अहो गंगराडेजी, मी कुठे काय मागितलं?” संजीवराव फोनवर कळवळले.

“आप कहाँ माँगे भिया! मैडम ने याद दिलाया. आप तो संत आदमी हो.”

डबा आणि मिक्सर संजीवराव स्वतः जाऊन परत करून आले. पण बोलबाला व्हायचा तो झालाच. विभागप्रमुख विक्रांत साहेब एकदा मुद्दाम त्यांच्या गाडीत बसले. बाई बोलल्या.

“सर, ती गाडीच्या ऑइलबद्दल…”

“समजलं, मोहिते.” साहेबांनी समाधानाने डोळे मिटले. “मागणारा नाही, साक्षीदार नाही, आणि भाषा किती अदबीची! आपल्या लोकांना हे इतकी वर्षं जमलं नाही.”

आठवड्याच्या आत परिपत्रक निघालं. पाहणीच्या प्रत्येक वाहनात ‘नागरिकस्नेही सेवा-स्मरण प्रणाली’ कार्यान्वित ठेवावी, तसेच आवाज मागच्या सीटपर्यंत सुस्पष्ट पोहोचेल याची खातरजमा करावी. नागरिकांनी स्वागत केलं. पूर्वी नेमकं कुणाला भेटायचं, कसं विचारायचं, हे कळत नसे. आता नुसता सीटबेल्ट लावला की मार्ग मोकळा.

संजीवरावांना मात्र झोप लागेना. एका रविवारी त्यांनी गाडी वर्कशॉपमध्ये नेली, ऑइल बदललं आणि ती आठवण कायमची बंद करून घेतली.

सोमवारी शेजारी कुमुदिनी टेंबे बसल्या. बाई शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गाडी सुरू झाली, निघाली, सिग्नलला थांबली. टेंबेबाई कान देऊन बसल्या होत्या.

“मोहिते, ही काही म्हणत नाही?”

“नाही बाई. तुमची कागदपत्रं चोख आहेत. जोडणी मिळेल.”

बाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे आमचं होणार नाही.”

“होणार आहे हो!”

“मग बोलत का नाही ती? गंगराडेंच्या वेळी बोलली. आपण मराठी माणसं, मोहिते, असं तोडून वागू नका. माझं काही चुकलं का?”

“बाई, काहीही द्यावं लागत नाही.”

“बघा! दुसऱ्या कुणाकडून घेतलंत ना?”

त्या आठवड्यात संजीवरावांच्या कारकिर्दीतली पहिली तक्रार दाखल झाली. सदर कर्मचाऱ्याने सेवा स्वीकारण्यास टाळाटाळ करून ज्येष्ठ नागरिकास मानसिक त्रास दिला. कॉलनीतल्या यच्चयावत सुशिक्षितांनी तक्रारीला पाठिंबा दिला. चौकशीला विक्रांत साहेब स्वतः बसले.

“मोहिते, तुम्ही टेंबेबाईंकडे काहीच मागितलं नाही, हे खरं?”

“अगदी खरं, सर.”

“म्हणजे आरोप मान्य.”

अधीक्षकाच्या खुर्चीत दुसरे गृहस्थ बसले. टेंबेबाईंकडे नळ वेळेवर आला. पण फुकट आलेलं पाणी कसं असेल कोण जाणे, म्हणून त्या ते अजून फक्त झाडांना घालतात.

या निकालावर कुणाला आक्षेप असल्यास विभाग तो जरूर ऐकून घेईल. येण्यापूर्वी फक्त एवढं आठवून यावं, की आपल्या घरचं काम झालं तेव्हा विभागातल्या कुणाला तोंड उघडून मागावं लागलं होतं का.