सफरचंदाच्या जॅममधली नाशपाती

देवाने नाकं वाटताना ताईंच्या वेळी हात सैल सोडला होता, असं ताईंचं ठाम मत होतं. आणि खोटं कशाला बोला, ते फारसं चुकीचंही नव्हतं! शेजारणीचं दूध उतू जायच्या आत ताई भिंतीपलीकडून ओरडत, "गॅस बारीक करा हो!" नवरा अजून जिन्यातच असायचा आणि इकडे ताईंना कळलेलं असायचं, की आज स्वारीने पुन्हा सिगारेट ओढली. बिचाऱ्याने शेवटी सिगारेट सोडली. नाक सोडायला सांगणं त्याला शक्य नव्हतं.

असं नाक घरात नुसतं पडून राहिलं असतं तर फुकटच गेलं असतं. पण ताई जॅमच्या कारखान्यात, चाखणीच्या खोलीत कामाला होत्या. कढईतून उतरलेला जॅम आधी त्यांच्यापुढे यायचा. पांढऱ्या वाट्या, पांढरं टेबल, पांढरे एप्रन, आणि हुंगून, चाखून निकाल देणारी तीन माणसं. पहिले मास्तर. ते मुख्य चाखणारे, आणि सगळ्यांना शिकवलंही त्यांनीच, म्हणून मास्तर. दुसऱ्या ताई. तिसरी चिमणी. ही वयाने धाकटी. चमच्याच्या टोकाला लागेल एवढाच जॅम टिपायची, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं.

मास्तर आता निवृत्त होणार होते. खिडकीजवळची त्यांची खुर्ची ताईंना मिळणार की चिमणीला, हे ठरवण्यासाठी सोमवारी सकाळी परीक्षा होती. ताईंना ती खुर्ची हवी होती. नुसती हवी नव्हती, अगदी मनापासून, रात्री कूस बदलताना आठवेल इतकी हवी होती.

आणि नेमकी रविवारी नणंद येऊन टपकली!

"वहिनी, तुझ्यासाठी," म्हणून तिने एक छोटीशी, गुलाबी काचेची बाटली हातावर ठेवली. सेंट! ताईंनी विंचू हातावर ठेवल्यासारखा चेहरा केला. चाखणीच्या खोलीत सेंट, पावडर, केसांचं तेल, वासाचा साबण, सगळ्याला बंदी. इतकी वर्षं ताई बिनवासाच्या साबणाने अंघोळ करत आल्या होत्या. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा असा एक वास होता, ताई तेवढ्या कोऱ्या पाटीसारख्या.

"अगं, मला चालत नाही हे."

"रविवारी कोण येतंय बघायला? लाव की!"

लावला. मनगटावर, जरासाच.

पुढचं काय सांगावं! आधी नुकती कापलेली नाशपाती आली, थंडगार, रसाने ओली. तिच्यामागून पीच, तोही झाडावरचा, सावलीतला. मग हळूच एक पांढरं फूल उमललं. कुठलं ते ताईंना सांगता येईना, आणि आयुष्यात पहिल्यांदा सांगावंसंही वाटेना. सगळ्यात शेवटी उरला उन्हात वाळलेल्या चादरीचा स्वच्छ वास. ताई खिडकीत बसल्या त्या बसूनच राहिल्या. आपण एका बागेत आहोत, पहाट झालीये, पायाखालचं गवत ओलं आहे, आणि आपल्याला कुठेही वेळेवर पोहोचायचं नाही, असं त्यांना वाटत राहिलं. नणंद कधी निघून गेली तेही कळलं नाही. नवरा दोनदा येऊन जेवणाचं विचारून गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही, स्वतःच वाढून घेतलं.

सोमवारी सकाळी आरशासमोर ताईंनी जो विचार केला, तो त्यांच्यासारख्या जाणत्या बाईने करायला नको होता. पण केला. आज आपला मोठा दिवस. आज तरी अंगावर थोडी बाग असू दे. इतकी थोडी, की आपल्यालाही जेमतेम कळेल. आणि आपल्या नाकाला जो वास कळत नाही, तो जगात कुणाला कळणार?

एक फवारा. अहाहा! ताई डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग वेणी घातली, घड्याळ बांधलं, मनगट हुंगलं. काहीच नाही! उडाला वाटतं. आणखी एक फवारा. चपला शोधल्या, डबा भरला, पुन्हा हुंगलं. काहीच नाही. "हलक्या जातीचं दिसतंय," ताई म्हणाल्या, आणि तिसरा मारला. मग चौथा एप्रनच्या गळ्याला, पाचवा जाता जाता केसांवर.

आता, एकच वास घेत राहिलं की नाक दमतं आणि तोच वास येईनासा होतो, ही गोष्ट कारखान्यात नव्या येणाऱ्या प्रत्येकाला कोण शिकवायचं? ताईच! पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही.

रस्त्याने जाताना एक कुत्रं थांबून शिंकलं. बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी उघडली. ताई आपल्याच तंद्रीत होत्या. त्यांना वाटलं, हवा छान आहे.

परीक्षेची पहिली वाटी आली. सफरचंदाचा जॅम, आजच उतरवलेला. ताई आणि चिमणी टेबलाच्या एका बाजूला, मास्तर समोर. ताईंनी वाकून वास घेतला, चिमणीने घेतला, मास्तरांनीही घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"चिमणे, काय आहे?"

"सफरचंद," चिमणी चाचरत म्हणाली, "पण नाशपाती पण आहे. आणि मास्तर, हसू नका, फूल आहे!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा हुंगलं. "आहे खरं. ताई, तुम्ही बोला."

"सफरचंद," ताई म्हणाल्या.

"आणि?"

"आणि साखर."

मास्तरांनी दुसरी वाटी मागवली. नाशपाती! तिसरी मागवली. नाशपाती आणि वर पीच! ताई बरणी आणायला स्वतः धावल्या, छातीशी धरून जपून घेऊन आल्या, तर त्या बरणीत वास दुप्पट! शेवटी कढईकाकांना बोलावणं गेलं. जॅम शिजवण्यात त्यांची हयात गेली होती. ते पळीसकट आले.

"काका, सफरचंदात काय मिसळलंत?"

"काय मिसळणार? साखर!" काकांनी वाटीत नाक खुपसलं आणि मागे सरकले. "आई गं! अहो, मी सफरचंदं टाकली होती, अख्खी बाग नव्हती टाकली!"

"मग कढई नीट धुतली नसेल."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझी कढई? तिच्यात तोंड पाहून दाढी करतो मी!"

तरीही मास्तरांनी काम थांबवलं. कढया रिकाम्या झाल्या, सोडा आला, घासणी सुरू झाली. एवढी मोठी यंत्रं गप्प झाल्यावर वरच्या मजल्यावरून मालकीणबाई खाली आल्याच. गोष्ट ऐकून त्यांनी चमचा घेतला, ताईंच्या खांद्याशी उभ्या राहून जॅम तोंडात टाकला, आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

"मास्तर," बऱ्याच वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे कुणी केलं? मला एकदम असं वाटलं, की मी लहान आहे आणि आज शाळेला सुट्टी आहे."

"बाई, ही चूक आहे. आम्ही फेकून देतोय."

"फेकून? वेड लागलंय का? मला हाच जॅम हवा! लेबल नवीन करा!" त्यांनी आणखी एक चमचा घेतला. "ताई, तुम्हाला काय काय लागतंय यात?"

सगळे ताईंकडे पाहू लागले. मास्तरांनी हलकेच मान हलवून खूणही केली. म्हणा की नाशपाती! एका शब्दाचं काम होतं. मालकीणबाई खूश, मास्तर खूश, आणि ती खिडकीजवळची खुर्ची. ताईंच्या ओठांपर्यंत तो शब्द आला. त्यांनी पुन्हा वाटी उचलली, जीव ओतून वास घेतला. आणि त्या वाटीत, देवाशपथ, सफरचंदाशिवाय काहीही नव्हतं.

"सफरचंद," ताई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "नुसतं सफरचंद."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "ताई, तुम्हाला सर्दी झाली असेल," ते मऊ आवाजात म्हणाले. "जरा बाहेर मोकळ्या हवेत बसून या."

चाखणाऱ्या माणसाला सर्दी झाली म्हणणं म्हणजे गवयाला तुझा गळा गेला म्हणण्यासारखंच. ताई उठल्या आणि मागच्या अंगणात, रिकाम्या खोक्यांच्या रांगेत जाऊन बसल्या. एप्रन आणि टोपी काढून बाजूच्या खोक्यावर ठेवली. वारा चांगला होता. पण वाऱ्याचं काय करायचं? नाक गेलं! खुर्ची गेली ती गेलीच, पण आता दूध उतू जाईल आणि कळणार नाही. पाऊस येईल आणि आधी कळणार नाही. आणि ती गुलाबी बाटली! काल एक दिवस बाग दिसली, आणि आज तिचं दार कायमचं बंद झालं. ताईंना त्या बागेचंच जास्त वाईट वाटलं. त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या आणि शेवटी डोळे पुसायला त्यांनी एप्रन ओढून तोंडाशी नेला.

नाशपाती!

थंडगार, ओली, नुकती कापलेली! मागून पीच, त्यामागून ते पांढरं फूल! ताईंनी अख्खा चेहरा एप्रनमध्ये बुडवला. "आहे! नाक आहे!" त्या खोक्यांना ओरडून म्हणाल्या. पुन्हा तेच ओलं गवत, तीच पहाट. किती वेळ त्या तिथे हिंडल्या कोण जाणे. मग त्या बागेत चालता चालता त्यांचा पाय एकाएकी थबकला. एप्रन? हा वास एप्रनला? म्हणजे मघापासून खोलीत जी नाशपाती...

"अगं बाई!" ताई मटकन खाली बसल्या. बसलेल्याच होत्या, आणखी खाली बसल्या.

आत वेगळाच गोंधळ चालला होता. मालकीणबाई चमच्यामागून चमचे खात होत्या. "मास्तर, गेला कुठे तो वास? मघाचा जॅम आणा!"

"बाई, मघाचाच आहे हा!"

"मग बाग कुठे गेली?"

कढईकाका कोपरापर्यंत सोड्याने माखून दारात उभे होते. मास्तर वाटीत नाक घालून बसले होते आणि त्यांचा स्वतःच्या नाकावरचा विश्वास उडत चालला होता. एवढ्यात ताई एप्रन हातात घेऊन आत आल्या.

"आला! आला!" मालकीणबाई आनंदाने किंचाळल्या. "आला वास!"

ताईंना वाटलं, धरणी दुभंगावी. गप्प बसावं का? मागच्या मागे नळावर जाऊन हातपाय धुवावेत, एप्रन बदलावा, कुणाला काय कळणार आहे? पण काकांचे सोड्याने लाल झालेले हात त्यांना दिसले.

"जॅम सफरचंदाचाच आहे," त्या म्हणाल्या. "बाग मी आहे."

मग एका दमात सगळं सांगितलं. नणंद, बाटली, आरसा, फवारे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चिमणी तोंडावर हात दाबून हसत होती. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे मी कढई उगाच घासली?" मालकीणबाईंनी ताईंच्या मनगटाचा लांबलचक वास घेतला, सुस्कारा सोडला, आणि "जॅम नाही होय हा," म्हणून लहान मुलासारखा चेहरा करून वर निघून गेल्या.

मास्तर उठले. ताईंनी मान खाली घातली.

"शिकवणारीच चुकली, याला क्षमा नाही," मास्तर म्हणाले. "पण एक सांगा. मी खूण केली होती. तुम्ही नाशपाती का नाही म्हणालात?"

"नव्हतीच हो वाटीत, मास्तर! मला येतच नव्हती!"

"आम्हा तिघांना येत होती. मालकीणबाईंना हवी होती. आणि वाटीत जे होतं ते एकट्या तुम्ही सांगत राहिलात, रडत रडत." मास्तरांनी खिडकीजवळची आपली खुर्ची टेबलापासून मागे ओढली. "बसा इथे. नाक काय, दोन दिवस सुट्टी दिली की ताजं होतं."

ताई बसल्या. खिडकीतून ऊन येत होतं. आयुष्यात आणखी काय हवं असतं माणसाला!

"फक्त एक," मास्तर दाराशी थांबून म्हणाले. "मुख्य चाखणाऱ्याकडे नमुने घरीही येतात. रात्री येतात, रविवारी येतात. अंगाला वास लावायचा नाही. एकही दिवस नाही."

ताईंचा चेहरा पडलेला पाहून चिमणी कानाशी आली. तिला वाईट वाटलं असेल, असं ताईंना वाटलं. कसलं काय! "ताई, बरं झालं तुम्हाला मिळाली," ती कुजबुजली. "मी पॅकिंगमध्ये बदली मागितलीये. तिथे तेल चालतं, पावडर चालते, सेंट चालतो! इतकी वर्षं मी स्वतःलाच ओळखू येत नाही हो!"

दुसऱ्या दिवशी ताईंनी ती गुलाबी बाटली कागदात गुंडाळून चिमणीला देऊन टाकली. देताना हात जरा रेंगाळला, पण दिली.

आता संध्याकाळी कारखाना सुटला, की दोघी एकाच रस्त्याने निघतात. चिमणी पुढे, आणि मुख्य चाखणाऱ्या ताई तिच्या मागून, डोळे अर्धे मिटून, कुठल्यातरी ओल्या गवतातून चालल्यासारख्या. लोक बघतात. चिमणीलाही संकोच वाटतो.

"ताई, बरं दिसत नाही हो! तुम्ही आता साहेब. पुढे या ना."

"चाल गं तू मुकाट्याने," ताई म्हणतात. "वारा समोरून आहे."