आबांची काठी आणि योग्य गोंद

मोडलेली वस्तू जोडायला गोंद लागतो, असा एक घातक समज समाजात पसरलेला आहे. गोंद काय, कोणीही आणेल. वस्तूला लागतो तो योग्य गोंद, आणि तो निवडू शकणारा माणूस लाखात एखादाच. (उरलेले वस्तू सरळ चिकटवून मोकळे होतात. अशा बेजबाबदार लोकांच्या घरात सगळं धड असतं, हा निव्वळ योगायोग.)

असा लाखातला एक माणूस एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होता. वय पंचावन्न, नोकरी कचेरीच्या खरेदी विभागात. वडील हयात असल्यामुळे या गृहस्थांना आपण चिरंजीव म्हणू. तर एके सकाळी या चिरंजीवांच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, काठीची पितळी मूठ निखळून हातात आली.

काठीवाचून आबांचं फारसं काही अडत नव्हतं. फक्त घराबाहेर पडता येत नव्हतं. रोज संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या बाकावर जात, तिथे त्यांचे जुने दोस्त कंपाउंडरकाका येत, आणि गावात आधी पूल झाला की पाण्याची टाकी, यावर दोघे कडाकडा भांडत. आबा टाकीच्या बाजूचे. कित्येक वर्षांच्या त्या भांडणात काकांना गप्प करील असा एक मुद्दा आबांना आदल्याच दिवशी सुचला होता.

"आजच चिकटव रे बाबा," आबा म्हणाले. "उद्या मला जायलाच हवं."

"आबा, अशा कामात घाई करून चालत नाही," चिरंजीव म्हणाले, आणि शोधकार्यास रीतसर प्रारंभ झाला.

दुकानदाराने काठी पाहिली आणि दोन नळ्यांचं एक पाकीट पुढे सरकवलं. "दोन्ही सारखं घ्या, कालवा, लावा आणि सकाळपर्यंत दाबून ठेवा. लाकडाला धातू पक्का बसतो." हे ऐकून चिरंजीव सावध झाले. विचारल्याबरोबर उत्तर देणारा माणूस खरेदी विभागात आजवर कोणालाही बरा वाटलेला नाही. त्यांनी ते पाकीट घेतलं, पण तुलनेसाठी दुकानातला बाकीचा सगळा चिकट मालही घेतला.

आता चाचणी आली. वडिलांच्या काठीवर प्रयोग करणं संस्कारात बसत नव्हतं. म्हणजे लाकूड आणि धातू यांचा सांधा असलेली, मोडलेली दुसरी वस्तू हवी होती. घरात तशी एकही मोडलेली नव्हती. (सूनबाईंच्या, म्हणजे चिरंजीवांच्या पत्नीच्या, टापटिपीमुळे संशोधनाचं हे असं नुकसान होतं.) सबब एक सुरी, एक झारा आणि पितळी मुठीचा कपड्यांचा ब्रश मोडून घेण्यात आला.

निकाल उद्बोधक होते. सुताराचा पांढरा गोंद लाकडाला जीव लावतो, पितळेला मात्र ओळखसुद्धा दाखवत नाही. चपला चिकटवायच्या सोल्युशनने ब्रश चिकटला नाही, पण वासाने शेजारीण दार वाजवत आली. बंदुकीतून सुटणाऱ्या गरम गोंदाने झारा उत्तम जोडला, तो कढईत घालेपर्यंत. मग मूठ सूनबाईंच्या हातात राहिली आणि झारा तेलात. झटपट गोंदाने चिरंजीवांचा अंगठा आणि तर्जनी जोडली, आणि तो जोड पुढे बराच काळ टिकला. दोन नळ्यांच्या गोंदाने सुरीही पक्की बसली. पण ती का बसली याचा समाधानकारक खुलासा न झाल्याने तो निकाल राखून ठेवण्यात आला.

"अहो, झारा मोडलात, सुरी मोडलीत, ब्रश मोडलात," सूनबाई म्हणाल्या. "काठी तेवढी राहिली."

"ती आधीच मोडलेली आहे," चिरंजीवांनी नम्रपणे निदर्शनास आणलं.

पुढे दुकानात त्यांना एक समानधर्मी गृहस्थ भेटले. त्यांच्या वडिलांच्या चष्म्याची दांडी मोडली होती आणि तेही घाई करणाऱ्यातले नव्हते. दोघांचं चांगलंच जमलं. रोज संध्याकाळी कुठेतरी निवांत बसून हवेतला दमटपणा, जोडाची ताकद वगैरे विषयांवर ते बोलू लागले. कोपऱ्यावर एक छानसा बाक होता. हल्ली तो रिकामाच असायचा.

इकडे आबा तो मुद्दा विसरू नये म्हणून दिवसभर पुटपुटत असत. मग पुटपुटणं कमी झालं. एके दिवशी सूनबाई चहा घेऊन गेल्या, तर आबांनी कावरंबावरं होऊन विचारलं, "आधी काय झालं गं? पूलच ना?"

सूनबाईंनी चहा खाली ठेवला. त्यांनी दोरीवरच्या पायजम्याची नाडी सर्रकन ओढून काढली (पायजमा चिरंजीवांचा होता), काठीला मूठ बसवून करकचून बांधली आणि म्हणाल्या, "चला आबा, मी येते जिन्यापर्यंत."

आबा बाकापाशी पोचले. समोरून कंपाउंडरकाकाही चाचपडत येत होते. चष्म्याच्या दांडीला त्यांनी स्वतःच जखमेवरची चिकटपट्टी गुंडाळली होती. बाकावर दोघांचे चिरंजीव बसले होते.

"आबा! मुठीला नाडी?" आपले चिरंजीव कळवळले. "अहो, पृष्ठभाग खराब होतो!"

"आणि बाबा, ही पट्टी? आता सगळी सफाई पहिल्यापासून!" दुसरे चिरंजीव म्हणाले, आणि या नव्या अडचणीत दोघे इतके गढले की उठायचं राहून गेलं.

दोघे म्हातारे उभेच राहिले. काकांनी हसत सुरुवात केली, "बरं का, पूलच आधी झाला!"

आबांनी आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "असेल बुवा."

जिंकूनही काकांचा चेहरा पडला.

वाचकहो, तुमचं तसं नाही. तुमच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली ती वस्तू तुम्ही येत्या रविवारी चिकटवणारच आहात. जिची ती आहे, त्या व्यक्तीने हल्ली विचारणं सोडलंय. तेव्हा तिकडूनही काही घाई नसावी.